गाऱ्यातला सायकलपट

भीमपूरचं काम उरकून मी आदिलाबादला परतत होते. सावरगोंदीच्या फाट्यापाशी ऑटो हळू झाला. रस्त्याच्या कडेनं मोटारसायकली उभ्या होत्या, पलीकडच्या पडीक वावरात माणसांची दाटी होती आणि कुठंतरी भोंगा बोलत होता. ऑटोवाल्यानं मागं वळून विचारलं, "म्याडम, दोन मिंट पाहू का? पोरं गाऱ्यात, चिखलात सायकली पळवून राह्यले. आता दरसाल होते हे इथं."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. उतरले एवढं खरं.

डोक्यावर रंगीत टोपडी, अंगाला चिकटलेले कपडे, अशी शहरातली पोरं होती. त्यांत काही पोरीही. सायकली अशा हलक्या की एका हातानं उचलाव्यात. भोंग्यावरचा तरुण आधी तेलुगूत, मग मराठीत, मग हिंदीत सांगत होता, की या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात, परदेशात थंडीत खेळतात, आपल्याकडंही आता वाढायला लागलाय. जिथं सायकल चालत नाही तिथं ती खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. तेवढ्यात एक पोरगा चिखलाच्या तोंडाशी आला. चालत्या सायकलवरूनच त्यानं एक पाय अलीकडं टाकला, दांडीखाली हात घातला, कमरेतून जरासा वळला आणि सायकल खांद्यावर.

ते वळणं माझ्या ओळखीचं होतं.  तिथल्या मोरीच्या कठड्यावर मी बसून राहिले. ओल्या काळ्या मातीचा वास नाकातून पार आत उतरत गेला.

आम्ही त्याला सायकलपट म्हणायचो.

बैलांची शर्यत असते तो शंकरपट. पोळ्याला बैल धुवायचे, रंगवायचे, पुरणपोळी चारायची, आणि दुसऱ्या दिवशी, करीला, त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. "बैलं आज मोकळे, तं मानसं जुपा," असं कुणीतरी थट्टेत म्हणालं, आणि भीमपूरच्या हायस्कूलात जाणाऱ्या पोरांनी आपल्या सायकली पांदणीत घातल्या. सुरुवात एवढीच. तेव्हा फाट्यावरच्या पाटीवर आंध्र प्रदेश लिहिलेलं असे. मैलाचे दगड तेलुगूत आणि शिव्या मराठीत, असा आमचा मुलूख.

पांदण म्हणजे दोन्हीकडच्या वावरांमधून जाणारी, बोरी-बाभळींच्या कुंपणात दाबलेली गाडीवाट. आमच्या गावातून, सावरगोंदीतून, फाट्याला जायला तेवढी एकच. आषाढात ती जी भिजायची ती दिवाळीपर्यंत वाळायची नाही. काळी माती चाकाला अशी लागायची, जशी परातीतली कणीक हाताला. चार हात गेलं की चाक मडगाडात घट्ट बसायचं आणि सायकल जागच्या जागी दगड होऊन जायची. मग उचला. पांदण संपली की नाला, नाला चढला की बरड. बरडावर मुरूम, तिथं पुन्हा सायकलवर टांग टाकायची आणि फाट्यापर्यंत वाऱ्यासारखं सुटायचं. फाट्यावरच्या दगडाला हात लावून तसंच परत. असा सायकलपट.

त्याचे वास अजून माझ्याजवळ आहेत. करीच्या सकाळी घरोघर जवसाच्या तेलाचा वास यायचा. चाकाला, आऱ्यांना तेल चोपडलं की माती कमी लागते, असं पोरांचं म्हणणं. मडगाड, साखळीचं झाकण, घंटी, सगळं काढून ओट्यावर ठेवलेलं असायचं. माती खरवडायला बांबूची एक चिपटी कमरेला खोचायची. बंडीच्या उजव्या खांद्यावर माय नाहीतर बहीण गोणपाटाची घडी शिवून द्यायची, कारण दांडी खांदा सोलून काढायची. दादाच्या खांद्यावर बैलाच्या मानेवर असतो तसा घट्टा पडला होता. मी गोणपाट शिवताना तो म्हणायचा, "दाट शिव वो, मागल्या साली सुटलं होतं." सुई बोटात शिरायची, पण टाका मी सैल पडू द्यायची नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, प्रल्हाद. आमचे बाबा गावातल्या शाळेवर गुरुजी. दादा बारावी झालेला, आणि मग नुसताच बसलेला. नोकरीसाठी आदिलाबादच्या कचेऱ्या, हैदराबादच्या परीक्षा, सगळं झालं होतं. तेलुगू लिहिताना त्याचा हात अडायचा, इंग्रजी बोलताना जीभ. घरात कुणी त्याला टाकून बोलत नसे, पण न बोलण्याचंही ओझं असतं. तो वावरात मजुरीला गेला तर बाबांचा चेहरा उतरायचा, आणि घरी बसला तर त्याचा स्वतःचा. वर्षाच्या एवढ्या दिवसांत एकच दिवस असा होता, की लोक त्याच्या नावानं ओरडायचे. "पळ पल्हाद, पळ!" त्या एका दिवसावर तो बाकीचं वर्ष काढायचा. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याची भीती वाटायची.

पट वाढत गेला. आधी आमचीच पोरं होती, मग शेजारच्या गावांतली आली, मग पैनगंगेपल्याडची. ते डोंग्यात सायकली आडव्या घालून अल्याड यायचे. भज्यांची कढई आली, फुगेवाला आला, भोंगा आला. आदिलाबादहून कापसाचे व्यापारी यायचे आणि पायजमे वर धरून बांधावर उभे राहायचे. बक्षीस काय, तर एक नारळ आणि एक फेटा. पण त्यासाठी पोरं रक्त काढून घ्यायची. गाऱ्यात कुणाचीच सायकल नवी राहत नसे, कुणाचेच कपडे कुणापेक्षा बरे दिसत नसत; वरच्या आळीतला आणि खालच्या वाड्यातला, मराठी आणि तेलुगू, सगळे नाला ओलांडेपर्यंत एकाच रंगाचे होऊन जायचे. माणसं ओरडायची ती मात्र आपापल्या भाषेत. इकडून "पळ, पळ!" आणि तिकडून "उरुकु, उरुकु!"

"उरुकु" हा गजर व्हायचा तो राजन्नासाठी.

राजन्ना बरडाच्या पलीकडच्या गुट्टापल्लीचा. दादाच्याच वयाचा. बाप लहानपणीच गेलेला, आई पोसव्वा विड्या वळायची. राजन्ना सायकलीच्या मागं लाकडी पेटी बांधून गावोगाव ऐसफ्रूट विकायचा. पेटीला आतून पत्रा आणि पत्र्याच्या आत लाकडाचा भुसा, म्हणजे उन्हात बर्फ टिकावा. उन्हाळाभर लेकरं त्याच्या मागं पळायची. करीच्या दिवशी मोठी माणसं पळायची. तो हसला की वरचा एक दात जरा पुढं आलेला दिसायचा. त्यानं मला कधी नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण एप्रिलच्या दुपारी लांबून त्याचा रबरी भोंपू वाजला की मी उगाच ओट्यावर काहीतरी निवडायला बसायची. घरात निवडायला काही नसलं तरी.

दादाला त्यानं दोनदा हरवलं होतं. दुसऱ्या वेळी नाल्याच्या चढावर दादाचा पाय घसरला, सायकल आडवी झाली, आणि मागून आलेल्या राजन्नाचा पाय तिच्या चाकात पडला. आरे मोडले. राजन्ना तसाच पुढं निघून गेला आणि फेटा बांधून घेऊन गेला. दादा मोडकं चाक खांद्यावर घेऊन आला, तो कुणाशी न बोलता न्हाणीत शिरला.

"मुद्दाम तुडवलं त्यानं," तो नंतर म्हणाला. "पुढच्या करीले पाह्यतोच त्याले."

"सायकलीपायी मानूस तोडते का रे कोनी?" माय म्हणाली.

"तुले नाई समजत माय. माह्याजवळ दुसरं काय हाये?"

 बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

त्या वर्षी श्रावणात पावसानं उघाड दिली नाही. दादा रोज पांदणीत जाऊन यायचा. संध्याकाळी त्याच्या पिंडऱ्यांना मी कोमट तेल लावायची, तेव्हा त्या दगडासारख्या लागायच्या. कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती, ज्वारीच्या पानांत पाणी साचून राहायचं, बेडकांचा आवाज दिवसाही थांबत नव्हता. पोळा तोंडावर आला. बैलांच्या शिंगांचा रंग आणून ठेवला होता. आणि गावात माणसं पडायला लागली.

हगवण आणि उलटी. गॅस्ट्रो, असं नंतर कळलं. आधी वरच्या आळीत, मग आमच्या वाड्यात, मग कुठं नाही असं राहिलंच नाही. सकाळी पाणी भरताना बोललेली बाई दुपारी डोळे खोल गेलेली दिसायची. भीमपूरच्या दवाखान्यातून मल्लय्या कंपाउंडर डोक्यावर पिशवी घेऊन, गुडघ्यापर्यंत रुतत, चालत आले. बाबांनी शाळा उघडून दिली. बाकं बाहेर पावसात काढून ठेवली, वर्गात ओळीनं गोधड्या अंथरल्या. खिडक्यांच्या गजांना, फळ्याच्या खिळ्याला सलाईनच्या काचेच्या बाटल्या लटकल्या. फिनेल, ओल्या गोधड्या आणि आंबट वांतीचा वास. पत्र्यावर पाऊस आणि आत थेंब थेंब उतरणारं ते पाणी. कण्हायलाही कुणाच्या अंगात जोर नव्हता.

पोळ्याच्या आधीच माय पडली.

तिचा हात मी हातात धरला, तर कातडी चिमटीत धरली तशीच उभी राहिली. तिला बोलायचं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मल्लय्यांनी तिला उरलेली बाटली लावली आणि बाबांना बाहेर बोलावलं. मी दाराशीच होते.

"गुरुजी, बाटल्या संपल्या. फाट्यावर जीप उभी आहे, तिच्यात माल आहे. पण जीप इकडं येत नाही. बैलगाडी?"

"आसापर्यंत रुतली कालची गाडी. पायी जाऊन यायला अर्धा दिवस जाते."

"अर्धा दिवस नाही आपल्याजवळ," मल्लय्या म्हणाले.

बाबांनी मान वळवली. ओट्यावर दादा सायकलीचे मडगाड काढत बसला होता.

तो गेला आणि आला. कधी नव्हे इतका लवकर आला. पण नाल्यावर तो पडला होता. मागं धोतरानं बांधलेलं खोकं त्यानं शाळेच्या पायरीवर ठेवलं तेव्हा आतून काचा वाजल्या. निम्म्याहून जास्त बाटल्या फुटल्या होत्या, खोक्यातून पाणी गळत होतं. दादानं काचेत हात घातला, साबूत बाटल्या काढून मल्लय्यांना दिल्या, आणि रक्ताळलेले हात तसेच धरून रडायला लागला. माझा एवढा मोठा भाऊ, तोंड वासून, लहान लेकरासारखा. "माय मरन वो," तो म्हणत होता. "माह्या हातानं मरन माय."

"रडू नको. पुन्हा जाय," बाबा म्हणाले. एवढा कोरडा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

तो उठला. आणि शाळेच्या फाटकातून, पावसाच्या पडद्यातून, एक मातीचा माणूस आत आला. त्याच्या खांद्यावर सायकल होती, आणि सायकलीला पेटी.

"तू काऊन आला?" दादानं विचारलं.

राजन्नानं सायकल उतरवली. धापा टाकत म्हणाला, "फाट्यावर जीपवाला सांगून राह्यला होता, सावरगोंदीत मानसं मरून राह्यले म्हनून. ह्यात बाटल्या हायेत. भुशात घातल्या. पडलो तरी फुटत नाईत."

पेटीचं झाकण उघडलं. ओल्या लाकडाच्या भुशात बाटल्या निजवलेल्या होत्या. एकीलाही तडा नव्हता.

दादा बघत उभा राहिला. राजन्ना खाली मान घालून म्हणाला, "मागल्या साली तुहे आरे मी मुद्दाम नाई मोडले, पल्हाद."

"माईत हाये मले," दादा म्हणाला. "चाल. पेटी पांदनीत मी धरतो, बरडावर तू घे."

आणि ते दोघं गेले. मग गेले ते जातच राहिले. सकाळ, दुपार, पाऊस असो नसो. एक बरडावरून आणायचा, दुसरा नाल्याशी घेऊन पांदणीतून उचलून आणायचा. त्यांचं पाहून पटातली बाकीची पोरं निघाली. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना गाऱ्यात पाडायचं शिकून घेतलं होतं, ती आता एकमेकांना पडू देत नव्हती. बायका शाळेच्या ओट्यावर उभ्या राहून पांदणीकडं डोळे लावायच्या. कुणीतरी आलं दिसलं की ओरडायच्या, पण आता त्या ओरडण्यात नावं नसायची. नुसता आकांत. आमचा पट इतक्या माणसांनी असा जीव टांगून कधीच पाहिला नव्हता.

बाटल्या येत होत्या तरी माणसं गेलीच. शेजारची सखूबाई गेली, तिचा नातू गेला. त्यांना घेऊन जाणारे आणि बाटल्या घेऊन येणारे त्याच पांदणीत एकमेकांना बाजू द्यायचे.

मायला राजन्नानं आणलेली बाटली लागली, मग अजून एक. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. भिंतीला टेकून राजन्ना उभा होता, माझ्या हातची भाकर उभ्यानंच खात.

"कोनाचं पोरगं हाये वो हे?" तिनं विचारलं. आवाज म्हणजे नुसता वारा.

"गुट्टापल्लीचा हाये माय. ऐसफ्रूटवाला."

"भाकर दे त्याले अजून."

राजन्ना हसला. तो पुढचा दात दिसला. मला म्हणाला, "यंदाचा पट इथंच झाला बघ. फेटा कोनाले?"  मी त्याच्या हातावर दुसरी भाकर ठेवली आणि बाहेर पळाले. एवढं सगळं मरण आजूबाजूला पसरलं असताना माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. माय जगली होती, आणि तो माझ्याशी बोलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेटी घेऊन आला. ती उतरवली, नीट ठेवली, आणि खालीच बसला. दमला असेल असं सगळ्यांना वाटलं. मल्लय्यांनी जवळ जाऊन त्याचा हात धरला आणि कातडी चिमटीत घेतली. ती तशीच उभी राहिली.

त्यानं कधीपासून लपवलं होतं कोण जाणे. बरडावर, नाल्यात, कुणाला न सांगता तो सोसत होता. त्याच खिडकीच्या गजाला, जिथं मायची बाटली होती, त्याची लागली. पण त्याची लघवी बंद झाली, हातपाय वळायला लागले. मल्लय्या म्हणाले, "हे इथं होणार नाही. आदिलाबादला न्या. आत्ता न्या."

खाट काढली. पटातली पोरं खांद्याला लागली, पुढं उजवीकडं दादा. बाटली वर धरायला कुणीतरी हवं होतं. गावातल्या प्रत्येक बाईच्या मांडीवर कुणी ना कुणी होतं. माझे हात मोकळे होते. मी बाटली घेतली.

भर पावसाळ्यातल्या पांदणीत मी पहिल्यांदा तेव्हा शिरले. बायका पट बघायच्या त्या ओट्यावरून. आतला गारा काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. पाय आत जायचा तो कुणीतरी खालून ओढल्यासारखा. चप्पल गेली, मग दुसरी. दादा पुढून सांगत होता, "उजव्या बाजूनं ये, तिथं मुळ्या हायेत. हात खाली घेऊ नको." तो ती वाट डोळे मिटून चालला असता. त्याला तिचा प्रत्येक खड्डा ठाऊक होता. इतकी वर्षं जिंकण्यासाठी शिकलेलं सगळं त्यानं त्या वाटेवर ओतलं.

नाल्यात पाणी छातीला होतं. त्यांनी खाट डोक्यावर घेतली. मध्येच राजन्ना बोलला, अगदी स्वच्छ.

"इतका हळू काऊन चालून राह्यला पल्हाद? पटात असा चालला असता, तं मी पाय धुऊन आलो असतो."

"गप पड, बे," दादा म्हणाला. तो हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. "बरा हो. पुढच्या करीले दाखवतो तुले."

"हौ," राजन्ना म्हणाला.

चढ चढलो. बरड लागलं. मुरमावर पाय पडताच पोरं पळायला लागली. खाट खांद्यांवर उडत होती, मी बाजूनं पळत होते, हात वर. हाताला मुंग्या आल्या, मग तो माझा राहिला नाही. बाटलीतले बुडबुडे मी बघत होते. एक वर यायचा, मग थांबायचं, मग दुसरा. पुढं थांबणं लांबत गेलं. फाटा दिसायला लागला, जीप दिसायला लागली. मी पुढच्या बुडबुड्याची वाट बघत पळत होते.

मल्लय्या माझ्या बाजूला आले. राजन्नाच्या मनगटावर बोटं ठेवून तसेच काही पावलं चालले. मग मला हळूच म्हणाले, "अम्मा, हात खाली घे आता."

"घेऊ नको!" दादा ओरडला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. "वर धर! फाटा आला! वर धर तू!"

मी वर धरला. पोरं पळतच राहिली. कुणी थांबलं नाही. फाट्यापर्यंत आम्ही त्याला तसंच पळवत नेलं, खाट खांद्यावर, बाटली वर. जीपवाल्यानं आम्हाला येताना पाहून इंजिन सुरू केलं होतं. आम्ही जवळ आलो. त्यानं खाटेकडं पाहिलं, मल्लय्यांकडं पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.



तोच हा फाटा. तेव्हा इथं मोरी नव्हती, पांदणीच्या जागी आता डांबर आहे, नाल्यावर पूल. गावात कुणाला काही झालं तर गाडी दारात येते. रस्ता झाला तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणाले. खरंच बरं झालं. दादा पुढं मंचेरियलला कोळशाच्या खाणीत लागला. आता निवृत्त आहे, कानानं कमी ऐकतो. फोन करून त्याला सांगावं असं वाटलं, की अरे, पोरं पुन्हा गाऱ्यात सायकली पळवतायत, भोंगा लावून. पण काय ओरडून सांगणार? भोंग्यावरचा तरुण म्हणत होता, या खेळात हरलं तरी मजा आहे. त्याचं खरं असेल. मी त्या पोरांचे चेहरे बघत होते. मातीनं माखलेले, दात तेवढे पांढरे. सगळे मला एकाच माणसासारखे दिसत होते, आणि त्यांतला कुणीच तो नव्हता. मला ते सहन होईना आणि तिथून उठवेना.

त्या वर्षी पट झाला नाही, हे सांगायला नको. पुढच्या पोळ्यालाही गावानं ठरवलं, आता पट नको. दादानं सायकल माळ्यावर टांगून टाकली होती. करीच्या सकाळी कुणाच्याच घरून जवसाच्या तेलाचा वास आला नाही. माणसं ओट्यांवर बसून होती. कुठं बघावं ते कुणाला कळत नव्हतं.

ऊन वर आल्यावर पांदणीतून एक बाई येताना दिसली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय काळ्या मातीनं भरलेले. पोसव्वा होती. राजन्नाची आई. एवढी वर्षं पट झाला, पण ती कधी आली नव्हती. पोरगं नाल्यात पडलेलं आपल्याला पाहवणार नाही, म्हणून करीच्या दिवशी ती दार लावून विड्या वळत बसायची, असं आम्हाला नंतर कळलं. ती शाळेपुढं येऊन उभी राहिली. बाबा उठले. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"सायकली कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"यंदा पट नाई, अव्वा," बाबा म्हणाले. "तुह्या पोराच्या मागं कसा करावा आमी?"

"गुरुजी, माह्या पोराले साऱ्या मुलखानं पाह्यलं. मीच नाई पाह्यलं. मले भेव लागे." ती थांबली. पदरानं तोंड पुसलं, तर पदराची माती तोंडाला लागली. "तो काय करत होता गाऱ्यात, ते मले दाखवा. एकडाव दाखवा."

 दादा उठून घरात गेला. माळ्यावरून सायकल काढल्याचा आवाज आला. मग एकेक जण उठला.

तेल नव्हतं, भोंगा नव्हता, नारळ नव्हता. मी घाईनं दादाच्या बंडीवर गोणपाट शिवून दिलं. पोसव्वाला आम्ही पांदणीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या पुढं उभं केलं. पोरं सुटली. गाऱ्याच्या कडेशी दादा आला, त्यानं पाय अलीकडं टाकला, दांडीखाली हात घातला, कमरेतून वळला, आणि सायकल खांद्यावर घेऊन आत शिरला. पोसव्वाच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका म्हणावा की हसणं.

"असंच करे का तो?"

"असंच," मी म्हणाले. "याच्यापेक्षा चांगलं करे."

ते बरडाकडं दिसेनासे झाले. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळानं कुंपणापलीकडून पहिलं डोकं दिसलं. दादा होता. कुणी ओरडलं नाही. तो मातीनं भरलेला आला, सायकल टाकली आणि पोसव्वाच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर पांदणीवरच. मग दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येकाकडं ती नीट बघायची, चेहरा ओळखू येईपर्यंत. मग पुन्हा वाटेकडं.

सगळ्यांत मागं राहिलेलं पोरगंही आलं. लोक हळूहळू घरांकडं वळले. दादानं सायकल उचलली, बाबा भिजलेल्या पोरांना आत घेऊन गेले. पोसव्वा तिथंच उभी होती.

मी जवळ गेले. म्हटलं, "अव्वा, सगळे आले."

"हौ," ती म्हणाली.

आणि हलली नाही. पांदणीत माती पुन्हा आपली आपण सारखी होत होती, पोरांच्या पावलांचे खड्डे पाण्यानं भरत होते. मी तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर वाटेकडं बघत उभी राहिले.